न हरण्याची गोष्ट

आमच्या प्रोजेक्टवर क्लायंटच्या बाजूने एक टेस्टर आहे. राहतो बर्मिंगहॅमला, आईवडील मूळचे लाहोरचे. कॉल चालू असताना आमचं भांडण बगवरून होतं आणि कॉल संपला की क्रिकेटवरून. माणूस एकदम सज्जन, पण 'कोणाची टीम भारी' हा विषय निघाला की त्याच्या अंगात येतं. (माझ्याही येतं, खोटं कशाला बोला.)

तर गेल्या महिन्यात एका शुक्रवारी कुठल्यातरी वादावर त्याने चॅटमध्ये फक्त दोन आकडे पाठवले : ७३-५८.

मीही लगेच दोन आकडे पाठवले : ८-०.

आता गंमत बघा, दोघंही खरं बोलत होतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात फेब्रुवारी २०२५ च्या दुबईतल्या सामन्यापर्यंत १३६ एकदिवसीय सामने झाले. त्यात पाकिस्तानने जिंकले ७३, आपण ५८, पाच निकालाविना. हा त्याचा आकडा. आणि एकदिवसीय विश्वचषकात १९९२ पासून २०२३ पर्यंत आपण आठ वेळा समोरासमोर आलो आणि आठही वेळा आपण जिंकलो. हा माझा. एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. आमच्या धंद्यात असं झालं की समजायचं, उत्तरात नाही, प्रश्नातच बग आहे.

मग शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि एक्सेल उघडलं.

पहिला निर्णय : फक्त कसोटी मोजायच्या. एक म्हणजे पाच दिवस, दोन डाव, लपायला जागा नाही. ताकद खरी कळते ती तिथे. दुसरं म्हणजे सोय. ही यादी पूर्ण आहे. डिसेंबर २००७ नंतर तिच्यात एकही ओळ वाढलेली नाही.

एकूण कसोट्या ५९. भारत ९, पाकिस्तान १२. आणि अनिर्णित? ३८!

म्हणजे शंभरातल्या चौसष्ट. दोन देश, पन्नासहून जास्त वर्षं, नेहमी 'महामुकाबला' वगैरे, आणि तीनातले जवळपास दोन सामने निकालाविना. यादी वरून खाली सरकवत गेलो तर एका जागी सलग बारा वेळा 'अनिर्णित' लिहिलेलं. मला आधी वाटलं, आपणच चुकून सेल खाली ओढला. नाही. खरंच बारा.

त्यातल्या पाच १९६०-६१ च्या. तेव्हा आमचे आजोबा वीस वर्षांचे होते. ते शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते, म्हणून सहज विचारलं, "आजोबा, पाकिस्तानची टीम साठ साली आली होती, आठवतं का?"

"आठवतं म्हणजे काय! रविवार कारंजावर एका दुकानात रेडिओ असायचा, रस्त्यापर्यंत गर्दी. आपण जिंकलो होतो. आपल्या बापूने नुसतं बांधून ठेवलं होतं त्यांना."

"जिंकलो नव्हतो आजोबा. पाचही ड्रॉ."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हरलो तर नव्हतो ना? मग झालं तर."

आता हा बापू म्हणजे बापू नाडकर्णी. ४ एप्रिल १९३३, जन्म नाशिक. (नाशिककरांनो, हे पाहुण्यांना सांगत जा. आपण फक्त द्राक्षं आणि चिवडा सांगतो.) डावखुरा फिरकी गोलंदाज. रणजी आधी महाराष्ट्राकडून, पुढे मुंबईकडून. ४१ कसोट्या, ८८ बळी, आणि षटकामागे दिलेल्या धावा सरासरी १.६७. खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा सराव करायचे असं सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली, तो पराक्रम बहुतेकांना माहीत असतो.

पण त्याच्या तीन वर्षं आधीचे आकडे बघा. पाकिस्तानविरुद्ध कानपूरला एका डावात ३२-२४-२३-०. दिल्लीला ३४-२४-२४-१. दोन्हीची बेरीज : ६६ षटकं, त्यातली ४८ निर्धाव, ४७ धावा, एक बळी. म्हणजे ३९६ चेंडूंत ४७ धावा!

आजोबांना वाटतं तसं बापूंनी त्यांना बांधून ठेवलं होतं हे खरंच. पण निर्धाव षटकाला दोन माणसं लागतात. एक टाकणारा आणि एक न मारणारा. समोर काही लेचेपेचे फलंदाज नव्हते. त्याच मालिकेत मुंबईला हनीफ मोहम्मदने १६० केल्या होत्या. मग ते मारत का नव्हते?

इथे माझा शनिवार संपला आणि रविवारही गेला.

सुरुवातीपासून सांगतो. मार्च १९४७, बडोदा. रणजीची अंतिम लढत, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे दोन फलंदाज जमले ते जमलेच. सांगलीचे विजय हजारे २८८ आणि लाहोरचा गुल मोहम्मद ३१९. भागीदारी ५७७ धावांची. कुठल्याही विकेटसाठी जगातली सर्वांत मोठी, आणि हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. सांगली आणि लाहोर एका बाजूने खेळत होते, आणि पाच महिन्यांनी मधून सीमारेषा गेली.

त्यानंतर जे दोन संघ तयार झाले ते दोन देशांचे असले तरी माणसं एकाच घरातली होती. पाकिस्तानचा पहिला कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारताकडून इंग्लंडमध्ये खेळून आलेला. अमीर इलाही १९४७ च्या डिसेंबरात भारताकडून ऑस्ट्रेलियात कसोटी खेळलेला. फझल महमूदची त्याच दौऱ्यासाठी भारतीय संघात निवड झाली होती, फाळणी झाली आणि तो गेला नाही. आणि आपले कर्णधार लाला अमरनाथ, ते वाढले लाहोरात! गुल मोहम्मद तर १९५२ ला भारताकडून पाकिस्तानविरुद्ध खेळला आणि चार वर्षांनी पाकिस्तानकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध.

१९५२ ची पहिली मालिका एकदम मोकळी झाली. दिल्लीला विनू मांकडने १३ बळी घेतले, आपण डावाने जिंकलो. आठवड्याभरात लखनौला तागाच्या मॅटिंगवर फझल महमूदने १२ बळी घेतले, ते डावाने जिंकले. मुंबईला हजारे नाबाद १४६, पॉली उम्रीगर १०२, आपण दहा गड्यांनी. तीन सामन्यांत तीन निकाल. पुढचे दोन अनिर्णित, मालिका आपली २-१.

आणि मग दार बंद झालं.

१९५४-५५ ला आपण पाकिस्तानात गेलो. पाच कसोट्या, पाचही अनिर्णित. पाच कसोटींची अख्खी मालिका निकालाविना जाण्याची कसोटी इतिहासातली ही पहिलीच वेळ. १९६०-६१ ला ते इकडे आले. पुन्हा पाच, पुन्हा पाचही अनिर्णित. १९५२ च्या शेवटच्या दोन धरून सलग बारा.

माझ्यासारखा माणूस लगेच म्हणेल की दोन्ही संघांकडे तेव्हा जिंकायची ताकदच नसेल. मीही तेच म्हटलं. मग शेजारच्या कॉलममध्ये दोघांचे इतर देशांविरुद्धचे निकाल टाकले. पाकिस्तानने १९५४ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवलं होतं, फझलचे पुन्हा १२ बळी. १९५६ ला कराचीत ऑस्ट्रेलियाला, १९५८-५९ ला वेस्ट इंडिजला. आपण १९५९ ला कानपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं. आणि सर्वांत बोलकं म्हणजे, जानेवारी १९६१ मध्ये कलकत्ता आणि मद्रासच्या कसोट्या पाकिस्तानविरुद्ध अनिर्णित राहिल्या, आणि बरोबर पुढच्या हिवाळ्यात त्याच दोन मैदानांवर, त्याच नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कप्तानीखाली आपण इंग्लंडला हरवून मालिका २-० ने घेतली.

म्हणजे ताकद होती. दोघांकडे होती. जगाला हरवता येत होतं, फक्त एकमेकांना नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इतरही कारणं आहेत. १९५४-५५ च्या कसोट्या चार दिवसांच्या होत्या. खेळपट्ट्या पाटा होत्या. तो काळच एकूण सावकाश खेळायचा होता. हे सगळं मान्य. पण ही कारणं इतर देशांविरुद्धही होती, आणि तिथे निकाल लागत होते. उरतं काय? ऑस्ट्रेलियाकडून हरलं तर सामना जातो. यांच्याकडून हरलं तर घरी जाऊन तोंड दाखवायचं असतं. कर्णधाराच्या डोक्यात पहिला विचार 'कसं जिंकू' हा नसून 'कसं वाचू' हा असेल, तर सर्वांत सुरक्षित जागा एकच : ड्रॉ.

लोकांचं मात्र तसं नव्हतं, ही त्यातली विचित्र गोष्ट. १९५५ च्या लाहोर कसोटीसाठी सीमा खुली केली होती आणि हजारो भारतीय वाघा ओलांडून मॅच बघायला गेले होते. प्रेक्षक सीमा ओलांडत होते आणि फलंदाज क्रीज ओलांडायला तयार नव्हते!

आणि तरी त्यातही चांगलं क्रिकेट होतं, ते विसरता कामा नये. १९६०-६१ ला मुंबईला रमाकांत देसाई आणि यष्टिरक्षक नाना जोशी यांनी नवव्या विकेटसाठी १४९ धावा जोडल्या. देसाईंनी मालिकेत २१ बळी घेतले. मद्रासला पुण्याच्या चंदू बोर्डेंनी नाबाद १७७ केल्या. उम्रीगरनी तीन शतकं ठोकली. एवढं सगळं करून मालिका ०-०. एवढी मेहनत आणि आउटपुट शून्य, आमच्याकडे अशा प्रोजेक्टला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

पुढची १७ वर्षं कसोटीच नाही. मध्ये १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली. १९७८ ला पुन्हा सुरुवात झाली तेव्हा दोन्ही संघ नवे होते, जुनं ओझं नव्हतं, आणि लगेच निकाल लागले. झहीर अब्बासने आपली फिरकी झोडून काढली, ते २-० जिंकले. १९७९-८० ला इथे आपण २-० जिंकलो. १९८२-८३ ला इम्रान खानने सहा कसोट्यांत ४० बळी घेतले, पाकिस्तान ३-०. वाटलं, आता खरं मोजमाप होणार.

आणि पुन्हा दार बंद! १९८३ च्या जानेवारीतल्या हैदराबाद कसोटीनंतर (सिंधमधलं हैदराबाद, आपलं नव्हे) सलग ११ अनिर्णित. ती साखळी तुटली १९८७ च्या मार्चमध्ये बंगलोरला. खेळपट्टी हातभर वळणारी. पाकिस्तान पहिल्या डावात ११६ वर ऑल आउट, मणिंदर सिंगचे ७ बळी. आता ड्रॉ शक्यच नव्हता, कोणीतरी हरणारच होतं. अशा पिचवर आपल्याला चौथ्या डावात २२१ हव्या होत्या. सुनील गावसकरने आपल्या शेवटच्या कसोटीत ९६ केल्या, आणि आपण १६ धावांनी हरलो. बाबा अजूनही त्या ९६ बद्दल बोलतात. पराभवाबद्दल नाही, त्या ९६ बद्दल. त्याआधीच्या चार ड्रॉबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी एक शब्द ऐकलेला नाही.

त्यानंतर १९८९-९०, चार कसोट्या, चारही अनिर्णित. सचिनचं पदार्पण याच मालिकेतलं. पंच मात्र दोघंही इंग्लंडचे होते, जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर. यजमानांच्या पंचांवरून वर्षानुवर्षं आरोप चालायचे, ते यावेळी तरी बंद झाले. मग नऊ वर्षं पुन्हा कसोटी नाही.

इथवर यादीत ४४ कसोट्या झाल्या. अनिर्णित ३३. म्हणजे बरोबर पाऊण. पाकिस्तान ७, भारत ४.

आता इथे यादीला आडवी रेघ मारा. १९९९ च्या सुरुवातीला पाकिस्तानचा संघ आला. दिल्लीची खेळपट्टी आधी उखडली गेली होती, त्यामुळे पहिली कसोटी चेन्नईला. पाठदुखीने वाकलेल्या सचिनच्या १३६. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या, आणि आपण १२ धावांनी हरलो. आणि मग चेपॉकवरच्या लोकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते दार उघडलं ते त्या दिवशी. हरूनही आभाळ कोसळत नाही, हे चाळीस हजार लोकांसमोर सिद्ध झालं. दिल्लीला अनिल कुंबळेने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, आपण जिंकलो. कोलकात्याला ते जिंकले.

तिथपासून २००७ पर्यंत १५ कसोट्या. अनिर्णित फक्त ५. निकाल लागलेल्या १०. आणि त्या दहांत?

भारत ५, पाकिस्तान ५.

मी तीन वेळा मोजलं. आपल्या दिल्ली १९९९, मुलतान आणि रावळपिंडी २००४, कोलकाता २००५, दिल्ली २००७. त्यांच्या चेन्नई आणि कोलकाता १९९९, लाहोर २००४, बंगळुरू २००५, कराची २००६. पाच-पाच.

आणखी एक गोष्ट या दहा सामन्यांत दिसते. आपण लहानपणापासून ऐकत आलोय की भारताची ताकद फलंदाजी आणि पाकिस्तानची गोलंदाजी. मुलतानला सेहवागच्या ३०९ आणि रावळपिंडीला द्रविडच्या २७० बघितल्या तर पटतंही. पण दिल्ली आणि कोलकात्याचे विजय कुंबळेच्या बळींचे आहेत. उलट बंगळुरूला पाकिस्तान जिंकला तो युनूस खानच्या २६७ धावांवर. कराचीला इरफान पठाणने पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेतली, ६ बाद ३९ अशी त्यांची अवस्था, आणि तिथून कामरान अकमलच्या ११३ धावांवर उभे राहून ते ३४१ धावांनी जिंकले. म्हणजे जेव्हा दोघं खरंच जिंकायला खेळले, तेव्हा आपल्या मनातले ठसे दोघांनीही पुसले. 'त्यांची ताकद' आणि 'आपली ताकद' असं जे आपण म्हणतो, ते बरंचसं न लागलेल्या निकालांच्या काळात तयार झालेलं आहे.

थोडक्यात काय, तर ताकद मोजायला आधी दोघांनाही हरायची तयारी लागते. ती नसेल तर ४४ सामने खेळूनही हाती फारसं लागत नाही. ती असेल तर १५ पुरतात.

माझी स्वतःची आठवण फक्त शेवटच्या सामन्याची आहे. डिसेंबर २००७, बंगळुरू. मी दहा वर्षांचा. आपले ६१ ला ४ गेलेले, मग गांगुलीच्या २३९ आणि युवराजच्या १६९. शेवटच्या दिवशी अंधार पडत होता, पाकिस्तान ७ बाद १६२, अजून तीनच बळी हवेत, आणि प्रकाश गेला. मी टीव्हीवर चिडून उशी फेकली होती. सामना अनिर्णित! पण मालिका आपण १-० जिंकलो होतो, मायदेशात पाकिस्तानविरुद्ध २७ वर्षांनी.

पुढच्या वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर कसोटी नाही. २०१२-१३ ला वनडे आणि टी-ट्वेंटीची एक छोटी मालिका झाली, तेवढीच. त्यानंतर भेट होते ती मोठ्या स्पर्धांत, बहुतेक वेळा तिसऱ्या देशात. २०२५ च्या आशिया चषकात आपण त्यांना पंधरा दिवसांत तीनदा हरवलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये पहलगाम झालेलं होतं आणि खेळाडूंनी हातही मिळवले नाहीत. खेळावं की खेळू नये, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासमोर मी एक्सेल उघडून बसणार नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की १९६१ ते १९७८ हा मोठा खंड वाटायचा, आताच्या खंडाने तोही मागे टाकला. आणि या काळात 'कोण भारी' हे आपण जितक्या जोरात बोलतो, तितका त्यामागचा कसोटीचा डेटा जुना होत चाललाय.

रविवारी संध्याकाळी आजोबांना घेऊन गोल्फ क्लब मैदानावर फिरायला गेलो. तिथे त्यांना ५-५ सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही हरायला घाबरायचो रे. रेडिओ लावताना पोटात गोळा यायचा. ड्रॉ झाला की पेढे नाही वाटले, पण जेवण गोड लागायचं."

"आणि हरलो असतो तर?"

"दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी जेवलो असतो."

रात्री बर्मिंगहॅमला तोच आकडा पाठवला : ५-५. खाली लिहिलं, शेवटच्या १५ कसोट्या, मोजून बघ. माणूस टेस्टर, त्याने खरंच मोजून बघितलं. तासाभराने उत्तर आलं. "बरोबर आहे. पण यावरून पास-फेल ठरत नाही. पुढची टेस्ट रनच झालेली नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही. असो. सोमवारी दुपारी कॉल आहे आणि त्याने शुक्रवारी टाकलेले तीन बग मी अजून उघडूनही बघितलेले नाहीत.